बेसमेंटमधली मोरी : प्रकल्प नोंदी

१३ जानेवारी २०२४

आईला फोनवर सांगितलं की शार्क पाळायचा विचार चाललाय. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग, "शार्क म्हणजे मोरीच मां रे?" म्हटलं हो, तिचीच जात. "मोरी खावची असता रे, पाळूची नसता." मालवणात जन्म काढलेल्या बाईला मी न्यू जर्सीतल्या एडिसनच्या घरातून काय समजावणार?

तरी वही उघडलीच आहे तर मूळ कारणही लिहून ठेवतो. लहानपणी डोंबिवलीत दोन फुटी टाकी होती आणि तिच्यात दुकानदाराने 'शार्क' म्हणून दिलेला एक रुपेरी-काळा मासा. सारखा घाबरायचा, काचेवर नाक आपटून घ्यायचा. तो शार्क नव्हताच. तो पंगस, मिश्यावाला मासा. वाढून मीटरभराच्या वर जातो आणि हॉटेलात 'बासा' म्हणून ताटात येतो. बाला शार्क, रेड टेल शार्क हेही तसेच नावापुरते. खरा शार्क बघायचं तेव्हापासून डोक्यात राहिलंय.

कुठला नको ते आधी ठरवलं. ब्लॅकटिप रीफ शार्कला श्वासासाठी सतत पोहावं लागतं, पाणी कल्ल्यांतून जात राहिलं तरच तो जगतो. त्याला खोली नाही, तलाव लागतो. नर्स शार्कची पिल्लं गोंडस दिसतात आणि मोठी झाली की तीन मीटर. शिवाय डोळ्यांसमोर २०१७ ची ती बातमी आहे. न्यूयॉर्कच्या डचेस काउंटीत एका घराच्या तळघरातल्या हौदात सात सँडबार शार्क सापडले होते. तळघर माझ्याकडेही आहे. पण त्या यादीत जायचं नाही.

राहिले तळाशी बसणारे. हे तोंडानेच पाणी आत खेचून कल्ल्यांतून सोडतात, म्हणून एका जागी तासन् तास पडून राहू शकतात. त्यांतला एपॉलेट मला हवाय. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर ओहोटीच्या डबक्यांत अडकला की परांवर चालत दुसऱ्या डबक्यात जातो, ऑक्सिजन जवळपास नसलेल्या पाण्यातही तग धरतो. चालणारी मोरी! मुलीला व्हिडिओ दाखवला, तिने त्याच मिनिटाला नाव ठेवलं: मोरू.

२७ जानेवारी

दिवसभर फक्त हिशेब. या प्राण्याला उंच टाकी नको, जमीन हवी. टाकीची रुंदी माशाच्या लांबीच्या दीडपट असावी, म्हणजे त्याला अंग न घासता वळता येतं. एपॉलेट ७५–८० सेंमी धरला तर १२० सेंमी, म्हणजे चार फूट. लांबी आठ फूट, उंची दोन, पाणी २१ इंच. ५६ घनफूट, म्हणजे सुमारे १,५८५ लिटर. खारं पाणी असल्यामुळे नुसत्या पाण्याचंच वजन १,६२५ किलोच्या आसपास. वर वाळू, दगड, लाकूड. वरच्या मजल्यावर हे स्वप्नातही नको. बेसमेंटच्या काँक्रीटला मात्र काही फरक पडणार नाही.

एवढी काचेची टाकी घेतली तर ती जिन्यातून खाली उतरणार नाही. म्हणून प्लायवूडची, आतून इपॉक्सी, समोर सहा फुटांची काच.

बायकोची एकच अट: वॉशर-ड्रायरला हात लावायचा नाही.

१८ फेब्रुवारी

तीन शनिवार-रविवार गेले. पाऊण इंची प्लाय, कडेने टू-बाय-फोरच्या लाकडी पट्ट्यांची चौकट, आतल्या सांध्यांवर फायबरग्लासचं कापड आणि त्यावर इपॉक्सीचे तीन हात. गॅरेजमध्ये थंडीमुळे इपॉक्सी वाळेना, म्हणून सगळं बेसमेंटमध्येच केलं. घरभर वास. मुलीने दोन दिवस मैत्रिणीकडे मुक्काम ठोकला.

३ मार्च

गळती. साधं पाणी भरून बघितलं, सव्वा तासात काचेच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातून थेंब. चूक माझीच. इपॉक्सीचा पृष्ठभाग गुळगुळीत ठेवला आणि त्यावरच सिलिकॉन ओढलं. ते चिकटल्यासारखं दिसतं, पण धरत नाही. सगळं रिकामं करायचं, ब्लेडने सिलिकॉन खरवडायचं, कडा पॉलिशपेपरने घासून खरखरीत करायची आणि पुन्हा भरायचं. एका आळसाचे दोन आठवडे.

१७ मार्च

पुन्हा भरली, पाच दिवस ठेवली. खाली वर्तमानपत्र अंथरून रोज सकाळी हात फिरवला. कोरडं.

३१ मार्च

गेले अकरा दिवस आरओ चालू. मशीनवर 'दिवसाला ७५ गॅलन' छापलंय, ते कोमट पाण्याचं गणित आहे. न्यू जर्सीचं मार्चमधलं नळाचं पाणी बर्फगार, निम्म्यावर येतं. नळाचं पाणी थेट वापरता येत नाही. एक तर त्यात क्लोरामाइन हे जंतुनाशक, दुसरं म्हणजे घरातले पाइप तांब्याचे. शार्कला तांबं म्हणजे विष. बाकीच्या माशांच्या रोगांवरची बरीच औषधं तांब्याची असतात, तीही या टाकीत कधीच नाहीत.

यावरूनच एक फुकटचा सौदा सोडला. एकाने जुनी टाकी मोडली आणि ६० पौंड दगड देऊ केले. विचारलं, कधी तांब्याचं औषध टाकलं होतंस? म्हणाला, एकदाच. दगड तांबं धरून ठेवतात आणि पुढे सोडत बसतात. नमस्कार केला आणि घरी आलो.

मिठाच्या तीन बादल्या आणल्या, तिसरी अर्ध्यापेक्षा थोडी कमी लागली. मोठे दगड आधी तळाच्या प्लायवर बसवले आणि वाळू नंतर ओतली. उलट केलं तर खाली उकरणाऱ्या जनावराच्या अंगावर दगड येतो. वाळू बारीकच. जाड प्रवाळी चुरा स्वस्त होता, पण जो प्राणी आयुष्यभर पोटावर लोळणार त्याच्याखाली खडी कशाला? ४० पौंडांच्या सहा पिशव्या. कंबर गेली.

५ एप्रिल

हे लिहायलाच हवं. सकाळी १०:२३, मी बेसमेंटमध्येच लॅपटॉप घेऊन मीटिंगमध्ये. आधी वाटलं पंप खडखडतोय. मग सगळं घरच. ४.८ चा भूकंप, केंद्र इथून फार लांब नाही, ट्यूक्सबरीजवळ. न्यू जर्सीत! टाकीतलं पाणी आठ फुटांच्या दिशेने हेलकावे घ्यायला लागलं. झाकण अजून केलेलं नाही, तीन-चार लाटा जमिनीवर. मी मूर्खासारखा दोन्ही हातांनी काच धरून उभा. सोळाशे किलो मी धरणार होतो!

मीटिंगमधले सगळे एकदमच "डिड यू फील दॅट" म्हणायला लागले. माझं उत्तर: माझे मोजे भिजलेत.

संध्याकाळी सहाच्या सुमारास आणखी एक धक्का, लहान. टॉर्च घेऊन सगळे सांधे तपासले. कोरडे. ते ३ मार्चचं खरवडणं आज कामी आलं.

९ एप्रिल

पाडवा. मागच्या डेकवर गुढी, खाली अमोनिया. टाकीत अजून मासा नाही, म्हणून बाटलीतला अमोनियम क्लोराइड २ पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत दोन) टाकला. आता जिवाणू वाढण्याची वाट. ते अमोनियाचं नायट्राइट करतात, पुढचे त्याचं नायट्रेट. जिवंत मासा टाकूनही हे होतं, पण तो तोवर आपल्याच मुतात राहतो.

२२ मे

सहा आठवडे. २ पीपीएम अमोनिया टाकला की चोवीस तासांत अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. मधले तीन आठवडे नायट्राइट हलत नव्हतं, तेव्हा रोज टेस्ट करून स्वतःचीच चिडचिड वाढवली. लिहिण्यासारखं त्यात काही नाही.

१ जून

वीज. शार्कच्या तोंडाभोवती बारीक छिद्रं असतात, त्यांनी त्याला वाळूखालच्या खेकड्याच्या स्नायूंची वीजसुद्धा कळते. अशा प्राण्याच्या पाण्यात आपण पंप, हीटर, सेन्सर सोडतो. मल्टिमीटरची एक तार पाण्यात, दुसरी अर्थिंगला: ३१ व्होल्ट. एकेक उपकरण बंद करत गेलो. एक हीटर काढल्यावर ४ वर आलं. त्याच्या काचेला केसाएवढी भेग होती, फेकून दिला. टायटॅनियमची अर्थिंग कांडी बसवली, सगळे प्लग जीएफसीआयवर, म्हणजे वीज गळली की आपोआप बंद होणाऱ्या सॉकेटवर. कांडीवरून लोकांत दोन तट आहेत. कांडी लावली की खराब उपकरण लपून राहतं, असं एका तटाचं म्हणणं. म्हणून आधी उपकरण शोधलं, मग कांडी.

हीटर सगळे खाली सम्पमध्ये, म्हणजे पाणी गाळायच्या वेगळ्या टाकीत. तळाशी राहणारे शार्क उबेला जाऊन हीटरला चिकटून झोपतात आणि पोट भाजून घेतात.

झाकणही आजच केलं. जाळीचं, चारी बाजूंनी कड्या.

१५ जून

अंडी आली! दोन, रात्रीच्या विमानाने, थर्मोकोलच्या खोक्यात. हौदात जन्मलेल्या जोडीची, एपॉलेटची, असं विक्रेत्याने लिहून दिलंय. समुद्रातून पकडलेलं पिल्लू घ्यायचं नाही हे आधीच ठरलं होतं.

प्रत्येक अंडं साधारण ११ सेंमी, सुक्या चिंचेच्या रंगाचं, कडेला काथ्यासारखे तंतू. कवच चामड्यासारखं. पिशवीतलं पाणी आणि टाकीतलं पाणी थेंबाथेंबाने जुळवायला दीड तास घेतला. मग अंडं पाण्याखालीच ठेवून डब्यातून टोपलीत सरकवलं, बाहेर हवेत काढलं नाही. वाढत्या अंड्याच्या कडेला फटी उघडतात, त्यांतून हवा आत गेली की कोंडून राहते.

रात्री दिवे घालवून मागून टॉर्च धरला. एका अंड्यात पिवळा गोळा आणि त्याला जोडलेला, वळवळणारा बोटाएवढा जीव. मुलगी किंचाळली. दुसऱ्यात नुसतं ढगाळ.

२९ जून

ढगाळ अंडं कालपासून वास मारायला लागलं, काढून टाकलं. एकच उरलं.

रोज रात्री टॉर्च. एक गोष्ट लक्षात आली: टोपलीजवळ हात नेला की आतली हालचाल थांबते. याबद्दल वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठातल्या लोकांचं २०१३ चं काम वाचलं होतं. त्यांनी तपकिरी पट्ट्यांच्या बांबू शार्कच्या अंड्यांजवळ शिकाऱ्यासारखं विद्युत क्षेत्र धरलं, तर आतल्या गर्भाने कल्ल्यांची हालचालच बंद केली. अजून जन्मला नाही आणि श्वास रोखून धरतोय. माझ्या हाताला थांबतं ते त्यामुळे की टॉर्चच्या सावलीमुळे, सांगता येत नाही. पण तेव्हापासून कारण नसताना हात घालत नाही.

२१ जुलै

आई-बाबा आले. आईला खाली नेलं. तिने टाकीभोवती एक फेरी मारली आणि पहिला प्रश्न: "वास कसो नाय?" तिचा अनुभव असा की मोरी जरा शिळी झाली की उग्र वास मारते, नाकात जातो. त्याचं कारण मला इथे वाचून कळलं आणि तिला सांगता आलं. शार्क अंगात युरिया साठवून ठेवतो, त्यामुळे समुद्राचं खारं पाणी त्याच्या अंगातलं पाणी शोषून घेत नाही. मेला की त्याच युरियाचा अमोनिया होतो. आई म्हणाली, "म्हणान कढत पाणी ओतूचा, कातडा काढूचा आणि लगेच करूचा." रसायनशास्त्र तिला वेगळ्या क्रमाने येतं.

७ सप्टेंबर

गणपती. अंड्यातला पिवळा गोळा आता जवळपास दिसतच नाही, पिल्लाने सगळं कवच भरून टाकलंय. आरतीच्या टाळ्या-झांजा चालू होत्या तेव्हा मी खाली पळालो, इतका आवाज काँक्रीटमधून पोचत असेल का म्हणून. आतला महाशय निवांत शेपूट हलवत होता.

१२ सप्टेंबर

सकाळी साडेपाचला टोपलीत रिकामं कवच, शेजारी १६ सेंमीचं पिल्लू. काळपट-पांढरे पट्टे, डोकं मोठं, डोळे मांजरासारखे. कुणाला उठवलं नाही. दहा मिनिटं एकट्याने बघितलं.

आणि मग पोटात गोळा. एपॉलेटच्या खांद्यावर, पुढच्या पराच्या वर, पांढऱ्या कडेचा एक मोठा काळा ठिपका असतो. पिल्लातही असतो. इथे नाही. पाठीवरचे पर बघितले: मागची कड आत वळलेली, खालचं टोक लांब, अणकुचीदार. हा एपॉलेट नाही. हा तपकिरी पट्ट्यांचा बांबू शार्क, जूनमध्ये ज्याच्या अंड्यांबद्दल लिहिलं तोच. मोठा झाला की पट्टे विरून साधा तपकिरी होतो आणि मीटरभर लांब, एपॉलेटपेक्षा अंगाने जाड.

दीडपटीचं गणित पुन्हा: एक मीटर पाच सेंमी धरले तरी १५७. माझी टाकी १२२.

१४ सप्टेंबर

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं: दोन्ही जाती एकाच हौदात होत्या, गल्लत झाली असेल, बांबू शार्कही 'नवशिक्यांसाठी उत्तम' आहे, आणि पुढच्या खरेदीवर सूट. पुढची खरेदी! माझाही दोष आहे. ठिपका बघायचा हे मला माहीत होतं, पण अंड्यावर ठिपका नसतो, आणि मी पालकांचे फोटो मागितले नव्हते.

परत पाठवायचा विचार एक रात्र केला. १६ सेंमीचा जीव पुन्हा पिशवीत, विमानात. नाही. सार्वजनिक मत्स्यालयांना विचारण्याचंही डोक्यात आलं, पण लोकांच्या घरी मावेनासे झालेले शार्क घ्यायला तिथे सहसा कुणी तयार नसतं. जे आपल्याच्याने होणार नाही ते दुसऱ्याच्या हौदात ढकलायचं, हे वाक्य बायकोचं आहे, माझं नाही.

२० सप्टेंबर

खात नाही. सुरुवातीचे काही दिवस पोटातल्या उरल्यासुरल्या बलकावर निघतात हे ठीक, पण आज आठवा दिवस. कोळंबीचे तुकडे, मायसिस नावाची बारीक कोळंबी, काडीला टोचून नाकापुढे धरले. काडी ढकलून दगडाखाली निघून जातो.

२१ सप्टेंबर

आईने खाल्लं लावलं.

काल रात्री मी सिंकमध्ये फ्रोझन माकूल (स्क्विड) चोळून चोळून धूत होतो, पाणी खराब होऊ नये म्हणून. आईने मागून बघितलं. "धुतलेल्या माशाक वास कसलो? तेका कळतला कसा?" आज तिने बाजारातून ताजं माकूल आणवलं, स्वतः कापलं, न धुता. तंगडीचा नखाएवढा तुकडा. दिवे बंद, पंप दहा मिनिटं बंद, म्हणजे वास एका जागी राहील. तुकडा वाळूवर ठेवला. दगडाखालून नाक आलं, डावीकडे, उजवीकडे, आणि एका झटक्यात गिळला.

आई म्हणाली, "जेवलो." आणि वर निघून गेली. जिन्यात ती डोळे पुसत होती असं मुलगी सांगते. आई म्हणते, माकलाची शाई उडाली होती.

१९ ऑक्टोबर

आठवड्यातून तीनदा जेवण: माकूल, कोळंबी, माशाचे तुकडे. अन्नात शार्कसाठीच्या व्हिटॅमिनच्या गोळीचा कण, आयोडीनसह. नुसत्या एका माशावर ठेवलं तर काही जातींतल्या विकरामुळे बी-१ कमी पडतं. अन्न पृष्ठभागावर नाही, तळाशी द्यायचं, नाहीतर हवा गिळतो आणि उलटा तरंगतो.

नायट्रेट ३५. मला २० च्या खाली हवंय. वाढलेल्या नायट्रेटने शार्कच्या थायरॉइडला आयोडीन मिळत नाही आणि गळ्याखाली गाठ येते. २०११ च्या एका प्रयोगात पांढऱ्या ठिपक्यांच्या बांबू शार्कना नुसतं नायट्रेट जास्त असलेल्या पाण्यात ठेवून महिनाभरात गलगंड झालेला दिसला. म्हणजे आयोडीन घालून पाणी घाण ठेवायची सोय नाही. आज २० टक्के पाणी बदललं. यापुढे दर शनिवारी.

काचेवर आडवा झाला तेव्हा पोटाकडून नीट बघता आलं. मागच्या परांजवळ नराचे दोन अवयव नाहीत. मोरू मादी आहे. नाव बदलणार नाही असा मुलीचा ठराव.

आणखी एक गंमत: डेट्रॉइटच्या बेल आयल मत्स्यालयात २००२ साली याच कुळातल्या एका मादीची अंडी हौदात नर नसताना उबली होती. बायकोला हे सांगितलं. तिने वहीच मिटवली.

२ नोव्हेंबर

दिवाळी, पंचवीस माणसं. फराळापेक्षा बेसमेंटला रांग मोठी. सगळ्यांना हात लावायचा होता, कुणालाच लावू दिला नाही. एका काकांनी २०१८ चा सॅन अँटोनियोचा किस्सा काढला. तिथल्या मत्स्यालयातून एक शार्क उचलून, ओल्या कपड्यात गुंडाळून, बाळाच्या गाडीतून बाहेर नेला होता. दोन दिवसांत सापडला. सगळे हसले. मग कुणीतरी विचारलं, "तुमचा मोठा झाल्यावर काय करणार?" दिवाळीच्या दिवशी.

१४ डिसेंबर

२२ सेंमी. आई-बाबा काल गेले. आईने फ्रीजरमध्ये माकलाच्या बारा पुड्या करून ठेवल्यात, प्रत्येकीवर वार लिहिलाय.

११ जानेवारी २०२५

वर्ष झालं. आज टेपने बेसमेंट पुन्हा मोजलं. आठ बाय चारची टाकी मोरूला आणखी वर्ष-दीड वर्ष पुरेल, त्यानंतर ती सम्पच्या कामाला लावायची योजना आहे. नवा हौद गोल, तळाला रबरी लायनर, व्यास दहा फूट, पाणी अडीच फूट. साडेपाच हजार लिटर. हीच वर्षभरापूर्वीची खोली, पण तेव्हा मी माशाच्या लांबीवरून टाकी काढली होती. आज खोलीवरून काढली आणि बघितलं मासा मावतो का.

मावतो. टेबल टेनिसचं टेबल जाईल, माझं लॅपटॉपचं टेबल जाईल. मुलीने नव्या हौदात खरा एपॉलेट आणायचा का विचारलं. नाही म्हणालो. ती रुसली. दोघांच्या घाणीला माझा शनिवार पुरणार नाही.

एकच अडचण: दहा फुटांचं वर्तुळ खडूने जमिनीवर आखलं तर ते वॉशरखालून साडेसात इंच जातंय. बायको अजून खाली आलेली नाही. खडू पुसून साडेनऊ फुटांचं आखून बघतो.